खालाचा दमा



मी भूलतज्ज्ञ आहे. पण आज बोलणार आहे ते डॉक्टर होण्याआधीच्या माझ्या एका चुकीबद्दल.

माझी खाला मोहल्ल्यातल्या मुलांना अरबी शिकवायची. तिच्या गळ्यावर जुनी गाठ होती, दुपट्ट्याखाली झाकलेली. दुखत नव्हती, म्हणून घरात तो विषयच नव्हता. पुढे तिला रात्री दम लागू लागला. आडवी झाली की गुदमरायची. आधी तीन उशा, शेवटी तर बसूनच झोपायची. मी तेव्हा एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला. तिच्या श्वासाचा आवाज ऐकला आणि ऐटीत सांगून टाकलं, "खाला, हा दमा आहे." घरच्या डॉक्टरांनीही मान डोलावली. इन्हेलर दोन वर्षं चालला.

दम्यात शिटीसारखा आवाज बहुतेक श्वास सोडताना येतो. खालाचा यायचा श्वास घेताना, घरघरत. मी आवाज ऐकला, तो केव्हा येतो हे ऐकलंच नाही. त्यात टीएसएचचा रिपोर्ट नॉर्मल आला आणि आम्ही निश्चिंत झालो. ती तपासणी हार्मोनचं सांगते. गाठ कुठवर पोचली ते सांगत नाही. वाढलेली थायरॉइड छातीच्या हाडामागेही उतरते. पुढे हाड, मागे मणके. मग दबते ती श्वासनलिका. तुमच्या घरी कुणाच्या गळ्यावर गाठ असेल तर आज एवढंच विचारा, झोपायला उशा किती लागतात?

मी इंटर्न असताना आमच्या एका सरांनी खालाला दोन्ही हात कानाला लावून वर धरायला सांगितले. मिनिटभरात चेहरा लालबुंद, गळ्याच्या शिरा टरारल्या. याला पेंबर्टनची खूण म्हणतात. सीटी स्कॅनमध्ये श्वासनलिका उजवीकडे ढकललेली, आणि सगळ्यात अरुंद जागी 6 मिलीमीटर.

ऑपरेशनला ती नाही म्हणाली. "आवाज गेला तर पोरांना शिकवू कशी, बेटा?" भीती खोटी नव्हती. आवाजाच्या नसा थायरॉइडला लागूनच जातात. अनुभवी सर्जनच्या हातून कायमची इजा थोड्यांनाच होते, पण होते. शेजारच्या पॅराथायरॉइड ग्रंथी दुखावल्या तर कॅल्शियम घसरतं, बोटांना मुंग्या येतात. पहिल्या 24 तासांत आत रक्त साचलं तर गळा पुन्हा आवळतो. तेव्हा खाटेवरच टाके उघडावे लागतात. सर्जननी हे सगळं खालूंना नाही, खालाला समोर बसवून सांगितलं. मग ती हो म्हणाली.

(बर्नच्या थिओडोर कोखर यांना 1909 चं नोबेल याच ग्रंथीवरच्या कामासाठी मिळालं. त्यांच्याआधी हे ऑपरेशन म्हणजे जिवाशी खेळ होता.)

खरी धाकधूक भूल देताना होती. झोपवलं, स्नायू सैल पडले आणि नळी आत गेलीच नाही तर? म्हणून तिला जागं ठेवून, घसा बधिर करून, नाकातून बारीक दुर्बिणीवरून नळी उतरवली. मी कोपऱ्यात उभी होते. भूलशास्त्र घ्यायचं ते तिथेच ठरलं. गाठ गळ्यातूनच निघाली, छाती उघडावी लागली नाही.

आवाज सहा आठवडे बसलेला होता. आता शिकवते, वरचा सूर मात्र लागत नाही. सकाळी उपाशीपोटी थायरॉक्सिनची गोळी, ती जन्मभर. घरी आल्यावर एका उशीवर आडवी झोपली, त्या पहिल्या रात्री खालूंनी तिला दोनदा हलवून जागं केलं. घरघर ऐकू येत नव्हती ना.