सशांसाठी घरच्या घरी निवारा



ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या चाळींतून व सज्जांतून ससे पाळण्याची हौस दिसते. पिंजरा मात्र पुष्कळदा पोपटाच्या मापाचा! हालचालीस पुरेशी लांबी, रुंदी व उंची नसलेल्या पिंजऱ्यात प्राणी ठेवणे ही प्राणी क्लेश प्रतिबंधक अधिनियम, 1960 च्या कलम 11 अन्वये क्रूरता ठरते, हे शिक्षकबंधूंनी मुलांना अवश्य सांगावे.

सशाला फारसा घाम येत नाही. अंगातील उष्णता तो मुख्यतः कानांवाटे बाहेर टाकतो. पारा 30 अंशांपलीकडे गेला की खाडीकाठच्या दमट हवेत तो कासावीस होतो. वैशाखात आमच्याच घरचा एक ससा पत्र्याखाली दगावला, म्हणून आग्रहाने सांगतो : छपराला पत्रा नको. कौले घालावीत, किंवा फळ्यांवर गवताचा जाड थर द्यावा. ससा मागच्या पायांवर उभा राहिला तरी कान छताला टेकू नयेत. तीन-चार उड्या सलग मारता याव्यात. तळाला नुसती जाळी असल्यास तळपायांना जखमा होतात, तेव्हा अर्ध्या भागात फळी व सुके गवत हवेच. घुशी आणि मांजरे यांच्यासाठी कडी भक्कम असावी.

तळमजल्यावरील मंडळींनी पिंजरा दोघांना उचलता येईल असाच करावा. 26 जुलै 2005 रोजी कल्याण परिसरात पाणी किती वेगाने चढले, हे आपण विसरलेलो नाही.