आर्गोनियाची मतपेटी

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण)



अमेरिकेच्या निवडणुकीचा नकाशा आपण टीव्हीवर पाहतो. लाल म्हणजे रिपब्लिकन, निळा म्हणजे डेमोक्रॅट. मधला गव्हाचा मुलूख बहुतेक लाल. त्यातच कॅन्सस हे राज्य, आणि त्याच्या दक्षिणेला समनर काउंटीत आर्गोनिया हे गाव. वस्ती पाचशेच्या आतबाहेर. आपल्याकडे याला वाडी म्हणतील. या भागातल्या बायकांचं राजकीय मत काय, असं विचारलं तर आपण नकाशा बघून उत्तर देऊन टाकू. ते उत्तर का चुकतं, यावर आज बोलायचं आहे.

१८८७ साली कॅन्ससने बायकांना फक्त शहर-गावाच्या निवडणुकीत मताचा हक्क दिला. (पूर्ण हक्क मिळायला १९१२ साल उजाडलं.) आर्गोनियात ‘विमेन्स ख्रिश्चन टेम्परन्स युनियन’ या दारूबंदीवाल्या संघटनेच्या बायका होत्या. हीच संघटना आपल्या पंडिता रमाबाईंनी जवळून पाहिली. त्या वर्षी त्या अमेरिकेतच होत्या. राज्यात दारूबंदी १८८१ पासून होती, पण कायद्याची अंमलबजावणी हवी म्हणून या बायकांनी गावात आपलं पॅनेल ठरवलं. ते काही पुरुषांना झोंबलं. वीसेक जणांनी गुपचूप तेच पॅनेल उतरवून काढलं, फक्त नगराध्यक्षपदासाठी नाव घातलं सुझाना सॉल्टर या २७ वर्षांच्या बाईचं. हिला मूठभर मतं पडतील, सगळ्या बायकांची फजिती होईल आणि पुन्हा कोणी या भानगडीत पडणार नाही, असा बेत.

उमेदवारांची नावं आधी जाहीर करायची पद्धत नव्हती. सुझानाला पत्ताच नाही. मतदानाच्या सकाळी रिपब्लिकन पक्षाची माणसं घरी आली तेव्हा ती कपडे धूत होती. निवडून आलात तर काम कराल का? ती म्हणाली, करीन. तिला दोन-तृतीयांश मतं पडली. वर्षाचा पगार एक डॉलर.

ही गोष्ट बहुधा ‘चेष्टा अंगाशी आली’ अशी हसत हसत सांगतात. मला त्यात हसण्यासारखं फार दिसत नाही. युनियनच्या बायकांनी स्वतः ठरवलेला उमेदवार काही तासांत सोडला आणि मतं सुझानाकडे वळवली. टेलिफोन नसलेल्या गावात हे नशिबानं होत नाही. त्यामागे आठवड्यामागून आठवडे घेतलेल्या बैठका असतात. बाईला नावापुरतं उभं करून कारभार आपण करायचा, हे तर आपल्या सरपंच भगिनींना मी काय सांगावं!

आता आजकडे येऊ. १९६४ नंतर कॅन्ससने अध्यक्षपदासाठी एकदाही डेमोक्रॅट उमेदवाराला कौल दिलेला नाही. समनर काउंटीत २०२० साली दर चार मतांमागे साधारण तीन ट्रम्प यांना होती. समनरच्या शेजारीच विचिटा शहर. तिथे १९९१ च्या उन्हाळ्यात गर्भपात केंद्रांसमोर सहा आठवडे धरणी चालली, हजारोंना अटक झाली. त्यातून तयार झालेले कार्यकर्ते पुढे रिपब्लिकन पक्षाच्या तळच्या समित्यांत शिरले. त्याआधी याच पक्षाच्या सिनेटर नॅन्सी कॅसबॉम गर्भपाताच्या हक्काच्या बाजूनं बोलत, हे आज सांगितलं तरी खोटं वाटतं.

जून २०२२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं गर्भपाताचा देशव्यापी हक्क काढून घेतला. २ ऑगस्टला कॅन्ससमध्ये थेट प्रश्नावर मतदान झालं: राज्यघटनेत हा हक्क नाही, अशी दुरुस्ती करायची का? ‘हो’ म्हणजे हक्क जाणार, ‘नाही’ म्हणजे राहणार. वाक्यरचना अशी की शिकलेली बाईही गोंधळावी. तारीखही पक्षांतर्गत निवडणुकीची, जिला एरवी कोणत्याच पक्षात नाव नसलेले लोक फिरकत नाहीत. आदल्या दिवशी ‘हो’ म्हटल्यानं बायकांचा निर्णयाचा हक्क टिकेल, असे खोटे निनावी निरोप फोनवर आले.

तरी नऊ लाखांहून अधिक लोकांनी मत दिलं आणि ५९ टक्के ‘नाही’ म्हणाले. दोनच वर्षांपूर्वी बायडन यांना या राज्यात ४२ टक्केही मतं नव्हती. ओसेज, फ्रँकलिन या गावखेड्यांच्या काउंट्या ट्रम्प यांच्या हक्काच्या. तिथेही ‘नाही’ जिंकलं. न्यायालयाच्या निकालानंतर नव्यानं नाव नोंदवणाऱ्यांत बायकांचं प्रमाण ठळकपणे वाढलं होतं.

प्रचार करणाऱ्यांनी काय केलं ते बघा. त्यांनी कोणाला पक्ष सोडायला सांगितलं नाही. ‘तुमच्या घरातल्या निर्णयात सरकारनं नाक खुपसावं का?’ एवढंच विचारलं. सरकारची ढवळाढवळ नको, ही तर तिथल्या रिपब्लिकनांची जुनीच भाषा. यावर काही स्त्रीवादी मैत्रिणी नाराज झाल्या तर मी समजू शकते; शरीरावरचा हक्क हा शब्द मागे पडतो. पण चर्चमधून परतणाऱ्या शेतकरी बाईशी बोलायचं तर सुरुवात कुठून करणार? त्याच नोव्हेंबरात तिथल्या अनेकींनी पुन्हा रिपब्लिकन उमेदवारांनाच मत दिलं असेल. राज्यानं मात्र गव्हर्नरपदी लॉरा केली या डेमोक्रॅट बाईंना दुसऱ्यांदा निवडलं.

आपल्याकडे असा एका प्रश्नावरचा कौल फक्त एका ठिकाणी मिळतो: उभी बाटली की आडवी बाटली. विधानसभेला वेगवेगळ्या चिन्हांना मत देणाऱ्या, एकमेकींच्या घरी पाणीही न पिणाऱ्या बायका त्या दिवशी एका रांगेत असतात. तुमच्यापैकी तिघीचौघींनी असं मतदान घडवून आणलंय. दारोदार फिरताना पहिलं वाक्य काय बोललात, कोणत्या घरी दार लावून घेतलं आणि कोणती बाई अनपेक्षितपणे आली, ते आता तुमच्याकडून ऐकू या.