पाऊस आपला, मोजमाप कुणाचं?

(अकोले तालुक्यातल्या गावकऱ्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



घाटघर-रतनवाडीला लोक नगर जिल्ह्याची चेरापुंजी म्हणतात. भंडारदरा भरला की पेपरात बातमी येते, किती दलघफू पाणी झालं ते छापतात. आपल्या वाडीच्या विहिरीत चैतात किती हात पाणी उरलं, ते कुणी छापत नाही. हंडा घेऊन दरीत उतरणाऱ्या बाईला मात्र ते बरोबर ठाऊक असतं.

2023 साली पावसानं ओढ दिली. 31 ऑक्टोबरला सरकारनं 40 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. ओरड झाली म्हणून 10 नोव्हेंबरला आणखी 1021 महसूल मंडळांत दुष्काळसदृश परिस्थिती धरली. त्याला अट काय होती? जून ते सप्टेंबरचा पाऊस सरासरीच्या 75 टक्क्यांपेक्षा कमी पाहिजे, आणि एकूण पाऊस 750 मिलिमीटरपेक्षाही कमी पाहिजे. आता 750 मिलिमीटर तर आमच्या घाटमाथ्यावर आषाढातल्या आठ-पंधरा दिवसांत पडतो! म्हणजे पुढं सगळा श्रावण कोरडा गेला, आवणी केलेला भात पिवळा पडला, तरी या अटीत आपण बसायचं नाही. पाऊस पडतो तो कातळावरून वाहून धरणात जातो, तिथून खाली उसाला. आपल्या मुरमाड खाचरात तो थांबत नाही.

अतिवृष्टीचंही तसंच. मंडळाच्या पर्जन्यमापकावर 24 तासांत 65 मिलिमीटरच्या वर नोंद झाली तर अतिवृष्टी. पण कापणीला आलेला भात झोपवायला 65 लागत नाहीत. दिवाळीच्या तोंडावर वाऱ्यासकट 30-40 आला तरी दाणा मातीत जातो, नागली-वरईची कणसं काळी पडतात. शिवाय मंडळाचं यंत्र एका जागी आणि आपल्या वाड्या डोंगराच्या अल्याड-पल्याड. या वाडीत ढग फुटतो, त्या वाडीत ऊन असतं.

म्हणून आमचं म्हणणं आहे की दर वाडीनं आपला पाऊस आपण मोजावा. खर्च काही नाही. वरपासून खालपर्यंत सरळ, सारख्या रुंदीचा डबा घ्या, निमुळता नको. झाड आणि पागोळी यांच्यापासून लांब, उघड्यावर पक्का बसवा. रोज सकाळी साडेआठला पट्टीनं पाणी मोजा, कारण सरकारी नोंदही त्याच वेळेची असते. एक सेंटिमीटर पाणी म्हणजे 10 मिलिमीटर पाऊस. लिहा, डबा उपडा करा, परत ठेवा. पाऊस नसेल त्या दिवशी शून्य लिहायचं, हे विसरू नका. दुष्काळ ठरवताना सलग तीन-चार आठवड्यांचा खंडही बघतात, आणि खंड दाखवायचा तर शून्यच कामाला येतात. शाळेतली पोरं हे काम हौसेनं करतील. सरकार आपल्या डब्याचा आकडा लगेच मानणार नाही. पण तहसीलदारापुढं नुसतं “लई पाऊस झाला” म्हणणं वेगळं आणि चार महिन्यांची वही ठेवणं वेगळं.

वहीत दुसरी बाजूही भरा: कुणाचं, कोणत्या पट्टीतलं, किती पीक गेलं. ज्यांचे वनहक्क दावे अजून लटकलेत त्यांनी तर हे करायलाच हवं. सातबारा नाही म्हणून पंचनाम्यात नाव नाही, हे आपण वाडीवाडीत ऐकतो. अशा प्लॉटांची पाहणी ग्रामसभेनं करावी, ठराव घ्यावा, सह्या-अंगठे घ्यावेत आणि प्रत देऊन पोच घ्यावी. पोच नसेल तर दिलं नाही असंच समजा. एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगतो. दाव्याला 13 डिसेंबर 2005 च्या आधीचा कबजा लागतो, तो आजच्या वहीनं सिद्ध होत नाही. त्याला म्हाताऱ्यांचे जबाब, जुन्या दंडाच्या पावत्या, बांध-ताली हेच पुरावे. वही फक्त सांगेल की आज जमीन कोण कसतंय आणि कुणाचं बुडालं.

हवामानाचा इशारा येतो तो जिल्ह्याच्या नावानं. कर्जत-जामखेडही नगरच आणि आपणही नगरच, तेव्हा तो ऐकून पुढं आपला डोंगर बघावाच लागतो. पावशा, काजवे, वाऱ्याची दिशा ही म्हाताऱ्यांची पारख सोडू नका. पण विजेला ती पुरत नाही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं ‘दामिनी’ हे ॲप जवळपास वीज पडायचा धोका सांगतं. रेंज असेल त्या पोरानं ते बघावं आणि गुराख्यांना हाक द्यावी. गडगडाट ऐकला की एकट्या झाडाखाली थांबायचं नाही, रानातून पक्क्या घरात यायचं.

रोहिण्या निघायच्या आत डबे बसले पाहिजेत. वही कोण ठेवणार त्याचं नाव आजच, उठायच्या आधी, वाडीवार लिहून द्या.