बडा तालाब, मासे आणि आपले निर्माल्य



बाप्पाच्या मांडवात माशांचे काय, असे कुणाला वाटेल. पण अनंत चतुर्दशीला आपण ज्याच्या काठी उभे राहतो, त्या बड्या तालाबाचाच हा विषय आहे. राजा भोजाने अकराव्या शतकात कोलांस नदी अडवून तो बांधला असे मानतात. त्याचे पाणी आजही भोपाळ पिते. २००२ मध्ये छोट्या तालाबासह तो रामसर यादीत गेला.

आम्ही काही मत्स्यतज्ज्ञ नव्हे, पदविका घेऊन सरकारी नोकरी करणारे. पण एक गोष्ट घरातही कळते: गार सोड्यातला वायू टिकतो, कोमट झाला की उडतो. पाण्यातल्या प्राणवायूचेही तसेच. २० अंशांच्या गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना जेमतेम साडेसात. शिवाय पाणी तापले की माशाचे अंगही तापते आणि त्याला प्राणवायू जास्त लागतो. म्हणजे गरज वाढते तेव्हाच पुरवठा आटतो. उन्हाळ्यात वरचे तापलेले पाणी तळाच्या पाण्यात नीट मिसळत नाही, मग तळाशी आणखी टंचाई होते.

रोहू, कटला, मृगळ हे मासे पावसाळ्यात, नदीच्या वाहत्या पाण्यात अंडी घालतात. पाऊस लांबला की त्यांचेही गणित चुकते.

वाढती उष्णता आपण एकटे थांबवू शकत नाही. पण फुले, दूर्वा, केळीची पाने पाण्यात कुजली की जीवाणू उरलेला प्राणवायू ओढून घेतात. पूर्वी तलावाने जे सोसले, ते आता त्याला जड जाते.

ज्येष्ठ म्हणतात, विसर्जन पाण्यातच हवे. खरे आहे. आम्हीही लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून घाटावर गेलो. घरी बादलीत पहिल्यांदा विसर्जन केले, तेव्हा आमच्याही मनाला चुटपुट लागली. पण शाडूची मूर्ती विरघळली, ती माती तुळशीला घातली आणि बाप्पा अंगणातच राहिल्यासारखे वाटले.

घाटावर जायचे त्यांनी जरूर जावे. एवढीच विनंती, की निर्माल्य आणि सजावट घाटाच्या अलीकडेच काढून ठेवा. त्याचे खत होईल, पुढच्या वर्षी त्यावरच जास्वंद फुलेल.

गणपती बाप्पा मोरया!