संशय कोणावर?

(अमरावती येथे कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या बोलण्याचं शब्दांकन)



मला ‘पोलीस ठाणे आणि स्त्रिया’ या विषयावर बोलायला सांगितलं आहे. हा विषय मी गेली आठ-नऊ वर्षं गावोगावी घेते आहे. तक्ता लावायचा, कलमं सांगायची, बायकांकडून दोनदा म्हणून घ्यायची. आज तक्ता आणलेला नाही. त्याऐवजी एका चोरीची हकीकत सांगते, कारण त्या चोरीत मी माझ्याच तक्त्यावर नापास झाले.

२०२४ च्या दिवाळीनंतरची गोष्ट. बचत गटाच्या बायकांचं दोन दिवसांचं प्रशिक्षण होतं म्हणून मी अकोल्याला गेले होते. मुक्काम मैत्रिणीकडे. ती बँकेत अधिकारी आहे, घटस्फोटित आहे, शहराच्या टोकाच्या एका लेआऊटमध्ये एकटीच भाड्याने राहते. मागच्या दाराच्या पलीकडे दोन रिकामे प्लॉट आणि मग उभी तूर. रात्री बारापर्यंत आमच्या गप्पा चालल्या. पहाटे चारच्या सुमारास मला थंडी वाजली म्हणून जाग आली. स्वयंपाकघराचं मागचं दार सताड उघडं होतं.

चोर आमच्या उशापासून गेले होते. कपाट त्याच खोलीत, आमच्या पायथ्याशी. साड्या जमिनीवर, लॉकरचा कप्पा उचकटलेला, आणि आम्ही दोघी झोपलेल्या. ज्यांनी हे अनुभवलं नाही त्यांना सांगते, पहिली जाणीव सामान गेल्याची नसते. आपण झोपेत असताना कोणीतरी आपल्याकडे पाहिलं आहे, ही असते. माझी मैत्रीण कितीतरी वेळ नुसती गादीवरची चादर घडी करत होती.

काय गेलं? रोख अकरा हजार. तिचे दागिने, तिचं स्त्रीधन. सासरहून ते परत मिळवायला तिला दोन वर्षं कोर्टात जावं लागलं होतं. प्रतिभा राणी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८५ सालीच सांगितलं आहे की स्त्रीधन ही बाईची स्वतःची मालमत्ता, नवऱ्याकडे ते असलं तर केवळ विश्वासाने ठेवलेलं. पण निकाल दिल्लीत होतो आणि पाटल्या सासूच्या कपाटात असतात. त्या भांडणाचा एक फायदा मात्र झाला. पोलिसांनी पावत्या मागितल्या तेव्हा पावती एकीचीही नव्हती, पण दाव्याला जोडलेली वजनासकट यादी होती. तुमच्यापैकी किती जणींकडे अशी यादी आहे? घरी गेल्यावर करा, फोटोसकट.

आणि माझी बॅग गेली. बॅगेत समुपदेशन केंद्राच्या दोन फायली होत्या. अकोल्यातल्या वकीलबाईंना दाखवायला मी त्या नेल्या होत्या. दोन बायकांचे अर्ज, त्यांच्या हस्ताक्षरात, नवऱ्याने काय काय केलं ते सगळं लिहिलेलं, नावगावासकट. फायली बाहेर न्यायच्या नाहीत हा आमचाच नियम. तो मी मोडला होता. माझ्या पोटात गोळा आला तो या फायलींचा. हे कागद त्या नवऱ्यांच्या हाती पडले तर? पुढे मी जे केलं त्याचं हे कारण आहे. समर्थन नाही.

सकाळी सातला आम्ही ठाण्यात होतो. जमादारांनी पहिला प्रश्न विचारला, “घरात कोण कोण होतं?” “आम्ही दोघी.” “साहेब कुठे असतात?” मैत्रीण म्हणाली, “बँकेत साहेब मीच आहे.” ते हसले नाहीत. मग सल्ला झाला की एकट्या बाईने टोकाच्या घरात राहू नये. शेजारच्या काकूंनी तर हळूच विचारलं, “आणखी काही झालं नाही ना?” आणखी काही म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. काही झालं नाही म्हटल्यावर त्या म्हणाल्या, जिवावरचं दागिन्यांवर निभावलं.

तरीही तक्रार रीतसर नोंदवली गेली, एफआयआरची प्रत हातात विनामूल्य मिळाली. पंचनामा झाला, ठसे घेणारे आले, श्वानपथक आलं. कुत्रं मागच्या दारातून निघालं, प्लॉट ओलांडून डांबरी सडकेपर्यंत गेलं आणि तिथे घुटमळलं. गाडी उभी असावी तिथे, असं ते लोकच म्हणाले.

मग आमचे जबाब सुरू झाले. “घरी कामाला कोण येतं? दाराची माहिती कोणाला?” मैत्रीण गप्प होती. मी बोलले. म्हटलं, भांड्याच्या मावशी येतात, मागच्या दाराची कडी ढिली आहे हे त्यांना माहीत आहे, कधी कधी मुलीलाही सोबत आणतात. पुढचा प्रश्न मावशींच्या आडनावाचा, मग राहण्याच्या जागेचा. मी तेही सांगितलं. जागा सांगितल्याबरोबर लिहिणारा हात थांबला आणि त्यांनी वर पाहिलं. “बेड्यावरची आहे? मॅडम, आधी सांगायचं ना.”

मावशी फासेपारधी समाजाच्या. मैत्रिणीने त्यांना कामावर ठेवलं तेव्हा लेआऊटमधल्या चार जणींनी तिला समजावलं होतं. तिने ऐकलं नाही, आणि दीड वर्षात एक वाटी इकडची तिकडे झाली नव्हती. मग हळूहळू आणखी तीन घरांनी मावशींना काम दिलं. हे सगळं मला माहीत होतं. तरी त्या टेबलासमोर बसून मी “संशय नाही” हे दोन शब्द उच्चारले नाहीत. मी नाव घेतलं आणि थांबले. मला फायली हव्या होत्या, आणि पोलिसांनी लवकर काहीतरी करावं असं वाटत होतं. काहीतरी म्हणजे काय, हे विचारायची मला त्या क्षणी गरज वाटली नाही.

संध्याकाळी साडेसातला दार वाजलं. मावशींची मुलगी, तेरा-चौदा वर्षांची. “मायले घेऊन गेले. चोरी झाली म्हंते.” दिवस बुडताना नेलं होतं.

आम्ही ठाण्यात पोचलो तेव्हा मावशी बाकाच्या शेजारी जमिनीवर बसल्या होत्या. बाक रिकामा होता. मला पाहून म्हणाल्या, “ताई, सांगा न याइले, मी तं चार वाजताच भांडे घासून गेली.” त्यांना वाटलं मी सोडवायला आले आहे. नाव कोणी सांगितलं हे त्यांना तेव्हा माहीत नव्हतं.

तिथे उभी असताना मला तक्ता आठवला. चौकशीसाठी बाईला तिच्या राहत्या जागेखेरीज कुठेही हजर राहायला भाग पाडता येत नाही. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १६०. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७९. मी ते सांगितलं. ड्युटीवरचे अधिकारी म्हणाले, ते साक्षीदारांसाठी असतं, ही संशयित आहे. मी म्हटलं, मग अटक दाखवा. पण सूर्यास्तानंतर बाईला अटक करता येत नाही, अपवाद असेल तर महिला अधिकाऱ्याने लेखी अहवाल देऊन न्यायदंडाधिकाऱ्यांची आधी परवानगी घ्यायची असते. यावर त्यांनी शांतपणे सांगितलं, “अटक कुठे केली? त्या राजीखुशीने आल्यात.”

इथे जरा थांबते, कारण हा शब्द आपल्या कामाचा आहे. नव्या संहितेच्या कलम १७९ मध्ये एक परंतुक जोडलेलं आहे. बाई स्वतः तयार असेल तर तिला ठाण्यात येऊ देता येतं. वाचताना त्यात वावगं काही दिसत नाही. एखादी बाई खरंच म्हणू शकते, माझ्या घरी पोलीस नकोत, मीच येते. पण दिवेलागणीला गाडी बेड्यावर येते, चार शिपाई उतरतात आणि “चल” म्हणतात, तेव्हा गाडीत बसणाऱ्या बाईची राजीखुशी कोण मोजतं? आपल्या विदर्भाला हा शब्द नवा नाही. १९७२ साली देसाईगंजच्या ठाण्यात मथुरेला रात्री बोलावलं होतं तेही जबाबासाठीच. आदिवासी मुलगी, दुसऱ्याच्या घरी राबणारी, आणि तक्रार तिच्या भावाची. पुढे काय झालं ते आपण सगळ्या जाणतो. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली तिच्या अंगावर जखमा नाहीत, तिने प्रतिकार केला नाही म्हणून संमती होती असं धरलं आणि पोलिसांना सोडून दिलं. त्यावर देशभर बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३ चा कायदा झाला.

आणि गंमत पाहा, गंमत म्हणवत नाही खरं तर. त्याच १९७८ साली त्याच न्यायालयाने नंदिनी सत्पथी यांच्या खटल्यात सांगितलं की त्यांना ठाण्यात बोलावणं हाच कलम १६० चा भंग आहे. त्या ओरिसाच्या माजी मुख्यमंत्री होत्या. आणि त्या नुसत्या साक्षीदार नव्हत्या, आरोपी होत्या. म्हणजे “संशयिताला हे कलम नाही” या उत्तराला उत्तर होतं. पण ते मला त्या रात्री सुचलं नाही. घरी आल्यावर पुस्तक काढलं तेव्हा सापडलं. आता ते मी तक्त्यावर लिहिलं आहे.

त्या रात्री कामाला आलं ते वेगळंच. मैत्रीण फिर्यादी होती. तिने कोरा कागद मागितला आणि लिहून दिलं की माझा या बाईंवर संशय नाही, दीड वर्षात कधी तक्रार नाही. मीही माझ्या जबाबाला पुरवणी जोडली. पोच घेतली. रात्री दहाला मावशींना सोडलं. मारहाण झाली का, असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, नाही. मी दुसऱ्यांदा विचारलं नाही.

फायली चौथ्या दिवशी सापडल्या. तुरीच्या शेतात बॅग फेकलेली होती, कागद दवाने ओले झालेले, पण सगळे होते. चोरांना कागद कशाला हवेत? दागिने आजपर्यंत मिळाले नाहीत. चोरही सापडलेले नाहीत.

बातमी लेआऊटमध्ये त्याच रात्री पसरली होती. पोलिसांनी नेलं म्हणजे काहीतरी असेलच. बाकी तिन्ही घरांनी मावशींना दुसऱ्या दिवसापासून येऊ नका म्हणून सांगितलं. महिना अर्धा झालेला, त्याचा पगारही दिला नाही. कायदा पाहायला गेलं तर नोकराने मालकाच्या मालाची चोरी केली तर त्यासाठी वेगळं कलम आहे, जुन्या दंडसंहितेत ३८१, आता भारतीय न्याय संहितेत ३०६, सात वर्षांपर्यंत शिक्षा. घरकामगारांसाठी महाराष्ट्रात २००८ चा कायदा आहे. त्यात कल्याण मंडळ आहे, नोंदणी आहे. पण नुसत्या संशयाने चार घरांतली तीन सुटली, तर त्या बाईने कुठे जायचं, याचं उत्तर मला त्यात मिळालं नाही.

आठवड्याने मी बेड्यावर गेले. आपण ‘जात-वर्ग-लिंगभाव’ असं एका दमात म्हणतो ना, ते वाटेत माझ्या डोक्यात फिरत होतं. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून जमातीच्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या, हजेऱ्या लावल्या. १९५२ च्या ३१ ऑगस्टला तो कायदा रद्द झाला. लक्ष्मण गायकवाडांचं ‘उचल्या’ १९८७ साली आलं, आपण अभ्यासवर्गात वाचलं, रडलो. इथे अमरावती जिल्ह्यातच, नांदगाव खंडेश्वर तालुक्यात मंगरूळ चव्हाळ्याला मतीन भोसले यांनी २०१२ पासून फासेपारध्यांच्या मुलांसाठी ‘प्रश्नचिन्ह’ शाळा उभी केली, त्या शाळेची जागा समृद्धी महामार्गात गेली तेव्हा आपण निवेदनावर सह्याही केल्या. आणि जमादारांच्या टेबलासमोर माझ्या तोंडून जे निघालं ते १८७१ चंच होतं. मी जात उच्चारली नाही, फक्त पत्ता सांगितला. तेवढं पुरतं.

मावशी चुलीशी होत्या. मी सगळं सांगितलं, नाव मी घेतलं हेही. त्यांनी लाकूड आत सारलं. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, “तुमी नाव नसतं सांगतलं तरी ते आलेच असते, ताई. आमच्याकडं येतेच ते. पन या वेळी तुमी सांगतलं.”

मी माफी मागितली. त्यांनी चहा दिला नाही. द्यायला हवा होता असं मला वाटलं नाही.

आता आपल्या कामापुरतं बोलते. प्रशिक्षणात आपण तक्रारदार बाईची बाजू शिकवतो, कारण आपल्याकडे येते ती पीडित बाई. पण आपण स्वतः नोकरी करतो, भांडी घासायला बाई ठेवतो, कपाटात थोडंफार असतं. तेव्हा फिर्यादी म्हणून काय बोलायचं हेही शिकायला हवं. घरी कोण येतं, हा एक प्रश्न आणि संशय कोणावर, हा दुसरा. दोन्हींची उत्तरं वेगवेगळी लिहून घ्यायला सांगा. संशय नसेल तर “नाही” हा शब्द जबाबात आला का, सही करण्यापूर्वी वाचून पाहा. मी वाचला नव्हता. कामवाल्या बाईशी बोलायचंच असेल तर तिच्या घरी, दिवसा, महिला पोलिसांसह, आणि तिला चालत असेल तर आपणही हजर, एवढा आग्रह फिर्यादी धरू शकते. तिचं ऐकलं जातं. मावशींचं ऐकलं गेलं नाही, माझं ऐकलं गेलं, दोन्ही वेळा.

फायलींचंही सांगायला हवं. त्या दोघींना भेटून मी सगळं सांगितलं. एकीने अर्ज परत नेला. तिचं समुपदेशन त्यामुळे थांबलं आहे.

मैत्रिणीने मावशींना पुन्हा बोलावलं. पंधरा दिवसांनी त्या आल्या, पण मागच्या दाराने येत नाहीत, पुढच्या दाराने येतात आणि जाताना पिशवी उघडून दाखवतात. मैत्रिणीने कितीदा नको म्हटलं. बाकी तीन घरांच्या पगाराचं मी आणि ती मिळून बोलायला गेलो. एका घराने अर्ध्या महिन्याचे पैसे दिले, काम दिलं नाही. दुसऱ्या घराने पुन्हा ठेवलं, दोनशे रुपये कमी करून. तिसऱ्या घरी दोनदा गेलो, दार उघडलं नाही. पुढच्या रविवारी पुन्हा जाणार आहोत. अकोल्याच्या कोणी इथे असतील तर सोबत चला.