सभेत उभं राहण्यापूर्वी
(छत्रपती संभाजीनगर येथे सहाय्यकांच्या मेळाव्यात केलेलं भाषण)



तुमच्या देणग्यांतून वह्या, औषधं जातात, त्याचा हिशेब तुम्हाला मिळतोच. आज मी अगदी स्वस्त कामाविषयी बोलणार आहे: भाषणाची टिपणं काढायला शिकवणं.

कन्नड, सोयगावकडच्या भिल्ल आणि ठाकर भगिनींना हे कशाला, असं वाटेल. २००६ च्या वनहक्क कायद्याने, १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून कसत असलेल्या वनजमिनीवर चार हेक्टरपर्यंत हक्क मागता येतो. पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावाने होतो. पण दावा आधी ग्रामसभेपुढे येतो. तिथे हजर असलेल्यांत एक-तृतीयांश स्त्रिया लागतात, म्हणून त्यांना बोलावलं जातं. येतात, अंगठा देतात, घरी जातात. बांध कोणत्या साली घातला हे तिला पाठ. बोलतो मात्र दुसराच.

म्हणून आम्ही आधी तिला तिच्या बोलीत, आठवेल तसं बोलू देतो. मग विचारतो, यातलं एकच सांगायला मिळालं तर काय सांगशील? ते पहिल्या कार्डावर. प्रस्तावना वगैरे शहरातल्या सभागृहात शोभते. ग्रामसभेत दोन मिनिटांत कुणीतरी मध्ये तोंड घालतं. मागणी आधी, कहाणी मागून.

कार्ड म्हणजे जुन्या लग्नपत्रिकेची कोरी बाजू. एकावर एकच मुद्दा, तीन-चार शब्दांत. पूर्ण वाक्य लिहिलं की मान खाली जाते आणि वाचन सुरू होतं. साल, क्षेत्र, कंपार्टमेंट नंबर मात्र नीट लिहावेत, कारण माणूस घाबरला की आधी आकडेच पळतात. अक्षरओळख नसेल तर चित्र: बांध, झोपडी, काठी टेकलेला म्हातारा. नियमांत बांधबंदिस्ती आणि झोपडी हाही पुरावा आहे, वडीलधाऱ्यांचा लिहून घेतलेला जबाबही. एकापेक्षा जास्त पुरावे लागतात. तेव्हा कार्डं लावता लावता दाव्यात काय कमी आहे तेही कळतं. कोपऱ्यात क्रमांक, भोक पाडून सुतळी. शेवटचं कार्ड सगळ्यांचं सारखं: ‘इतिवृत्तात लिहून घ्या.’ लिहिल्याशिवाय खाली बसायचं नाही.

मोशेही देवाला म्हणाला होता की मी जड जिभेचा आहे, आणि त्याला अहरोन मिळाला. आम्हा कार्यकर्त्यांना अहरोन व्हायचा मोह फार. पण दावा तिचा आहे. पुढे उपविभागीय समितीने बोलावलं तर तिथेही तिलाच उत्तरं द्यायची आहेत.

तुमच्याकडून दोन गोष्टी हव्यात. घरातल्या पत्रिका रद्दीत टाकू नका, उपासनेला येताना आणा. आणि सरावाला श्रोते म्हणून चला. तिथे शांत बसू नका. मध्येच बोला, घाई करा, ‘मोठ्यानं बोल’ म्हणून ओरडा. ग्रामसभेत हे होणारच आहे. आधी आपल्या माणसांकडून झालेलं बरं.