हिवाळ्यासाठी हार्डटेल हलकी करताना : आधी काटा, मग खिसा

पाऊस सरला, पडवीत टेकवून ठेवलेल्या सायकली बाहेर निघाल्या आणि एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत यायला लागला : "माका सायकल हलकी करूची आसा, काय काय बदलू?" तर आजचा भाग त्यावर.

युरोपातले व्हिडिओ बघून गोंधळू नका. तिकडे हिवाळ्यात बर्फ असतो, म्हणून सायकलला मडगार्ड, खिळ्यांचे टायर लावतात. म्हणजे ती जड होते. आपल्याकडे उलट. वेंगुर्ल्यात नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच सायकलचा खरा सीझन. सकाळी गारवा, सडा कोरडा, मोचेमाडवरून शिरोडा-रेडीपर्यंत मस्त रस्ता. त्यामुळे हलकी करायची वेळ बरोबर आहे. प्रश्न आहे पैसे कुठे घालायचे.

पहिलं काम, वजन करा. सामान तोलायचा हुकवाला डिजिटल काटा घ्या आणि सायकल त्याला टांगा. आपल्याकडची सुरुवातीच्या किमतीतली हार्डटेल, म्हणजे फक्त पुढे सस्पेन्शन असलेली सायकल, साधारण 14 ते 16 किलोची असते. आकडा लिहून ठेवा. जो पार्ट बदलाल तो जुना आणि नवा, दोन्ही तोला. पाकिटावरच्या वजनावर जाऊ नका.

दुसरं काम फुकटचं. पावसातले मडगार्ड काढा. लोखंडी कॅरियर वापरत नसाल तर काढा. साइड स्टँड काढा. सीटवरचं ते जेलचं कव्हर काढा. एक पैसा न घालता किलोभर वजन सहज उतरतं. पण घंटी आणि लाइट ठेवा हां! जानेवारीत सूर्य उगवायला सात वाजतात आणि सहाच्या काळोखात ट्रकवाल्याला तुम्ही दिसायला हवेत.

आता पैसे. माझं मत विचाराल तर पहिला रुपया टायरवर. कंपनीतून आलेला तारेच्या कडेचा 29 इंची टायर बऱ्याचदा 800-900 ग्रॅमचा असतो. घडी होणारा टायर 600-700 ग्रॅममध्ये मिळतो. दोन टायरचे मिळून 400 ग्रॅम गेले. पण खरा फायदा वजनाचा नाही. जाड नक्षीचा टायर डांबरावर गर्रर्र आवाज करतो ना, ती तुमचीच ताकद वाया जाते. मधे बारीक आणि कडेला उठावदार नक्षी असलेला टायर घ्या. डांबरावर पळतो आणि सड्यावर वळताना पकडही देतो. मात्र जांभ्याची धार लक्षात ठेवा. अगदी पातळ बाजूचा रेसिंग टायर इथे टिकणार नाही. आणि ट्यूब असेल तर सड्यावर हवा फार कमी करू नका. दगडाची धार आणि रिम यांच्यात ट्यूब चिमटते आणि पंक्चर होते.

तिसरं, गिअर. पुढची तीन चक्रं काढून एकच ठेवली की पुढचा डिरेलर, त्याचा शिफ्टर आणि केबल सगळं जातं. अर्धा किलोच्या आसपास वाचतं. पण आधी मागचा हब बघा. स्वस्त सायकलींत आटे असलेला फ्रीव्हील असतो. मोठी 10-11 गिअरची कॅसेट त्यावर बसत नाही. मग हब किंवा अख्खं चाक बदलावं लागतं आणि खर्च कुठच्या कुठे जातो. दुकानात जायच्या आधी हे विचारून घ्या.

चौथं, फोर्क. साधा स्प्रिंगवाला फोर्क अडीच किलोच्या आसपास, हवेचा पावणेदोन-दोन. इथे मोठी बचत आहे, पण पैसेही मोठे. शिवाय स्टिअरर, एक्सल, ब्रेकची बैठक आणि उंची जुळली पाहिजे. उंची बदलली तर हँडल वेगळंच वागतं.

आणि एका ठिकाणी काटकसर नको, हँडल, स्टेम आणि ब्रेक. ऑनलाइन मिळणारं बिननावाचं स्वस्त कार्बन हँडल उतारावर तुटलं तर वाचलेले शंभर ग्रॅम कोण मोजणार?

आता आपल्या किनाऱ्याची गोष्ट. इथली हवा खारी. ॲल्युमिनियमच्या फ्रेममध्ये कार्बनचा किंवा स्टीलचा सीटपोस्ट घातला आणि मधे खारं पाणी गेलं की दोन धातूंसारखा तो सांधा गंजून धरतो. मग पोस्ट निघता निघत नाही. म्हणून पोस्ट काढा, पुसा, ग्रीस लावा. कार्बन असेल तर त्याची वेगळी पेस्ट येते, ती लावा. सागरेश्वरच्या वाळूतून आलात तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवा, सुकवा, चेनला तेल द्या. पण प्रेशरचा फवारा बेअरिंगवर मारू नका. गंजलेली चेन आणि सुकलेलं बेअरिंग तुम्हाला किलोभर वजनापेक्षा जास्त मागे ओढतं.

शेवटी हिशोब. तुम्ही 65 किलो, सायकल 15, एकूण 80. दोन किलो कमी केले तर अडीच टक्के. म्हणजे एका तासाच्या चढावर जेमतेम दीड मिनिट. वेंगुर्ल्याहून आंबोली, साधारण 690 मीटर उंची. तेवढ्या उंचीवर दोन किलो कमी नेल्याने शरीराच्या वाचतात पंधराएक कॅलरी, म्हणजे केळ्याचा एखाद-दुसरा घास. सपाट रस्त्यावर तर फरक जाणवतही नाही.

मग हलकी करूच नये का? करा की! उचलायला, वळवायला, दगडावरून उडवायला हलकी सायकल मजा देते. फक्त क्रम पाळा : आधी काढून टाका, मग साफ करा, मग टायर, आणि त्यानंतर वाटलं तर बाकीचं. पहिल्या तीन गोष्टी करून महिनाभर चालवा. फोर्कसाठी साठवलेले पैसे बहुतेकांना तोवर दानोली ओलांडून आंबोलीच्या सहलीवर खर्च करावेसे वाटतील.

तुमच्या सायकलचा काट्यावरचा आकडा कळवा, अंदाज नको. भेटू पुढच्या भागात. हेल्मेट विसरू नका!